पीक येण्याआधीची उचल



१९७६ साली ‘मंथन’ नावाचा हिंदी चित्रपट आला. दिग्दर्शक श्याम बेनेगल. स्मिता पाटील, गिरीश कर्नाड ही मंडळी त्यात होती. तुमच्यापैकी पुष्कळांनी तो पुढे दूरदर्शनवर पाहिला असेल. पण तो काढायला पैसा कोणी दिला? गुजरातमधल्या दूध सोसायट्यांच्या पाच लाख शेतकऱ्यांनी, दर माणशी दोन रुपये. लोकवर्गणीतून देऊळ उभे राहते, शाळेची खोली उभी राहते, हे आपण आपल्या गावात पाहतोच. लोकवर्गणीतून करमणुकीची वस्तूही उभी राहते, हे त्या दूधवाल्यांनी पन्नास वर्षांपूर्वी दाखवून दिले.

आज ही आठवण काढण्याचे कारण वेगळे आहे. या सदरात आपण बियाणे, खते, औषधे यांविषयी बोलतो. परंतु अलीकडे गावातली बैठक संपली, चहा झाला, की एखादा बाप मला बाजूला घेतो आणि विचारतो, “साहेब, पोरगा म्हणतो परदेशात कुणी एक व्हिडिओ गेम करतोय, त्याला दोन हजार रुपये पाठवायचेत. गेम अजून झालेलाच नाही म्हणे! हा जुगार तर नव्हे?” प्रश्न रास्त आहे. कापसाचे, सोयाबीनचे पैसे नुकतेच घरात आलेले असतात, तेव्हा तो जास्तच रास्त असतो. म्हणून मी माझ्या परीने माहिती काढली. पुतण्या संगणकाचे शिक्षण घेतो, त्याच्याकडून काही समजून घेतले. ते सारे आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, हा जुगार नव्हे. पैसे लावून मोबाईलवर पत्ते वगैरे खेळण्याचा जो प्रकार होता, ज्यापायी कित्येक घरे कर्जात बुडाली, त्यावर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. तो विषय निराळा. इथे जिंकणे-हरणे नाही. कोणी तुमच्या मुलाला “गेममध्ये पैसे गुंतव, सहा महिन्यांत दुप्पट करून देतो” असे सांगत असेल, तर तो आज आपण बोलतो आहोत तो प्रकारच नव्हे, ती सरळ फसवणूक समजावी आणि दार लावून घ्यावे.

आता खरा प्रकार काय ते पाहू. व्हिडिओ गेम करणे हे मोठ्या खर्चाचे काम आहे. चित्रे काढणारे, संगीत देणारे, संगणकाला आज्ञा लिहून देणारे असे अनेक जण दोन-तीन वर्षे राबतात, तेव्हा एक खेळ तयार होतो. पूर्वी हा पैसा मोठ्या कंपन्या देत, आणि आपल्याला हवा तसाच खेळ करून घेत. २००९ साली अमेरिकेत न्यूयॉर्क येथे ‘किकस्टार्टर’ नावाची संस्था निघाली. खेळ करणाऱ्याने तिथे आपली कल्पना मांडायची, किती पैसे लागतील तो आकडा जाहीर करायचा आणि मुदत द्यायची, बहुधा महिनाभर. जगभरातून ज्याला पटेल तो वर्गणी देतो. वीस डॉलर दिले तर खेळ तयार झाल्यावर एक प्रत, जास्त दिले तर सदरा किंवा चित्रांचे पुस्तक, खेळाच्या शेवटी आपले नाव, असे काहीबाही ठरलेले असते. वीस डॉलर म्हणजे आजच्या भावाने साधारण अठराशे रुपये.

यात एक अट मला फार आवडली. जाहीर केलेली रक्कम मुदतीत पूर्ण जमली नाही, तर कोणाच्याही खात्यातून एक पैसाही जात नाही. अर्धवट जमलेल्या पैशात अर्धवट काम करून मोकळे होण्याची सोय नाही. आपल्या पुण्याचेच उदाहरण घ्या. तिथल्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या मंडळींनी ‘राजी’ नावाच्या खेळासाठी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर आवाहन केले. राजी ही एक मुलगी, आपल्या हरवलेल्या भावाला शोधायला निघते, आणि दुर्गामाता तिच्या पाठीशी असते, अशी कथा. रक्कम जमली नाही. ज्यांनी वर्गणीचा शब्द दिला होता त्यांचे पैसे त्यांच्याकडेच राहिले. या मंडळींनी मात्र काम सोडले नाही; दुसरीकडून पैसा उभा केला आणि २०२० मध्ये खेळ बाजारात आणला. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’ या जागतिक पुरस्कारांत पहिल्याच खेळासाठीच्या गटात ‘राजी’चे नाव होते.

रक्कम जमली की मात्र पैसे जातात, आणि इथून पुढे जोखीम सुरू होते. ती जोखीम नीट कळावी म्हणून एक सांगतो. ही खरेदी नव्हे, आणि हा शेअरही नव्हे. दुकानातून पंप घेतला आणि तो निघाला नादुरुस्त, तर बदलून मागता येतो. साखर कारखान्याचा शेअर घेतला तर तुम्ही सभासद होता, वार्षिक सभेत उभे राहून संचालकाला जाब विचारता येतो. इथे ते काही नाही. २०१२ साली ‘ऑक्युलस’ नावाच्या यंत्रासाठी, डोळ्यांवर चढवून खेळायचा एक मोठा चष्माच म्हणा ना, लोकांनी सुमारे चोवीस लाख डॉलर वर्गणी दिली. दोनच वर्षांनी, २०१४ मध्ये, फेसबुकने ती कंपनी दोनशे कोटी डॉलरला विकत घेतली. वर्गणीदारांना त्या दोनशे कोटींतला छदामही मिळाला नाही. पुष्कळ जण चिडले. पण त्यांना जे कबूल केले होते ते यंत्र मिळालेले होते, हिस्सा कोणी कबूलच केला नव्हता. पुढे कंपनीने, बहुधा मनाला काही वाटले असावे, त्या जुन्या वर्गणीदारांना नवे तयार यंत्र फुकट दिले. ती मर्जीची बाब झाली, हक्काची नव्हे.

मग हे आहे तरी काय? आपल्याकडचा सर्वांत जवळचा शब्द ‘उचल’. ऊसतोडीच्या हंगामाआधी मुकादमाला उचल देतात. टोळी यायची असते, ऊस तुटायचा असतो, सारे पुढचे. मुकादम सचोटीचा असला तर दसरा-दिवाळीनंतर टोळी फडात हजर. नसला तर उचल गेली आणि माणूसही गेला. आणि कधी कधी मुकादम सचोटीचा असतो, पण खालचे कोयतेच त्याला दगा देतात. हा तिसरा प्रकार ध्यानात ठेवा.

कारण नेमके तसेच २०१२ मध्ये ‘योगव्हेंचर्स’ नावाच्या खेळाचे झाले. इंग्लंडमधली यूट्यूबवरची एक लोकप्रिय टोळी, तिच्या नावाने हा खेळ निघायचा होता. करणारी कंपनी अमेरिकेतली, छोटी आणि नवखी. साडेतेरा हजारांवर लोकांनी मिळून पाच लाख सदुसष्ट हजार डॉलर दिले. कंपनीने आपल्या मुख्य चित्रकारांशी प्रत्येकी पस्तीस हजार डॉलर आगाऊ देण्याचा करार केला. त्यांतला एक जण दोनेक आठवडे काम करून मोठ्या कंपनीत नोकरीला निघून गेला, आणि पैसे परत घेण्याची तरतूद करारात नव्हती. वाचताना मला हसूही आले आणि वाईटही वाटले. आपला कोणताही जुना बागायतदार त्यांच्या शेजारी बसला असता तर म्हणाला असता, “अहो, सगळी उचल एकदम देऊ नका!” जुलै २०१४ मध्ये खेळ बंद झाल्याचे जाहीर झाले. वर्गणीदारांच्या हातावर दुसऱ्याच एका खेळाची प्रत ठेवण्यात आली.

दुसरे उदाहरण ‘क्लँग’ या तलवारबाजीच्या खेळाचे. त्याच्यामागे नील स्टीफन्सन हे अमेरिकेतले नामवंत कादंबरीकार होते. २०१२ साली पाच लाख सव्वीस हजार डॉलर जमले. पैसे कोणी खाल्ले नाहीत. त्यांनी कबूल केल्याप्रमाणे एक कच्चा नमुना केला, पण तो खेळायला मौज येईना, आणि पुढच्या कामासाठी जे मोठे भांडवलदार मिळतील असे धरले होते ते मिळाले नाहीत. सप्टेंबर २०१४ मध्ये त्यांनी काम थांबल्याचे सांगून टाकले. मोठे नाव पाहून पैसे देणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये. कादंबरी लिहिणे वेगळे आणि खेळ करणे वेगळे. उत्तम वक्ता म्हणून कोणाला द्राक्षाची छाटणी करायला आपण बोलावत नाही.

एवढे वाचून तुम्ही म्हणाल, मग नकोच ते. थांबा. बुडणाऱ्यांचे प्रमाण लोक समजतात तेवढे नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या एका प्राध्यापकांनी २०१५ साली सत्तेचाळीस हजारांवर वर्गणीदारांना विचारून पाहणी केली. किकस्टार्टरवरच्या सगळ्या प्रकारच्या कामांत, फक्त खेळ नव्हेत, रक्कम जमल्यानंतर कबूल केलेली वस्तू न देणारे शंभरात सुमारे नऊ निघाले. खरीप इतका भरवशाचा असता तर काय हवे होते! उशिराचे मात्र विचारू नका. त्याच प्राध्यापकांच्या आधीच्या अभ्यासात चारांपैकी तीनांहून अधिक कामांना ठरल्यापेक्षा उशीर झालेला दिसला.

आणि जे पिकते ते कसे पिकते, तेही पाहा. ऑस्ट्रेलियात ॲडलेड नावाचे शहर आहे. तिथल्या ‘टीम चेरी’ या दोन-तीन माणसांच्या चमूने २०१४ च्या अखेरीस पस्तीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मागितले. दोन हजार एकशे अठ्ठावन्न लोकांनी मिळून सत्तावन्न हजार दिले. खेळाचे नाव ‘हॉलो नाइट’. पुतण्याने तो मला संगणकावर लावून दाखवला. पाहतो तो काय, सगळे राज्यच किडींचे! नायक कीटक, शत्रू कीटक, नकाशे विकणाराही कीटकच. कीडनियंत्रण सांगण्यात ज्याची नोकरी गेली, त्याच्यापुढे हा खेळ ठेवायचा म्हणजे थट्टाच. पण खोटे कशाला सांगू, चित्रे हाताने काढलेली, संगीत मंद आणि गंभीर, मी अर्धा तास जागचा हललो नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत, ठरल्यापेक्षा बऱ्याच उशिराने, तो बाजारात आला. आजवर त्याच्या दीड कोटीहून अधिक प्रती खपल्या आहेत.

पुढची गोष्ट अधिक मोलाची. त्या मोहिमेत त्यांनी एक वाढीव आश्वासन दिले होते, की जास्त पैसे जमले तर खेळात आणखी एक पात्र घेऊन खेळता येईल. त्या पात्राचे काम वाढत वाढत तो एक स्वतंत्र खेळच झाला, ‘सिल्कसाँग’. तो ४ सप्टेंबर २०२५ रोजी आला. इतरांना तो विकत घ्यावा लागला. ज्यांनी २०१४ साली खेळाच्या प्रतीइतकी वर्गणी दिली होती, त्यांना तो फुकट मिळाला. अकरा वर्षांनी शब्द पाळला. ज्या मुलाने कॉलेजात असताना पाच-सहाशे रुपयांएवढी रक्कम दिली, तो आता बापही झाला असेल, आणि तरी त्याच्या नावाने खेळ आला. या समाधानाची किंमत रुपयांत करता येत नाही, हे मी मान्य करतो. मोठ्या कंपनीने किडींच्या खेळाला पैसा दिला असता की नाही, मला शंकाच आहे.

पैसा जास्त जमला म्हणजे काम चांगले होते, असा मात्र समज करून घेऊ नका. फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘डबल फाइन’ या जुन्या, नावाजलेल्या कंपनीने चार लाख डॉलर मागितले. लोकांनी तेहतीस लाख दिले. झाले, खेळाचा आराखडाच फुगला. त्याच वर्षी यायचा तो खेळ दोन तुकड्यांत आला, पहिला जानेवारी २०१४ मध्ये, दुसरा एप्रिल २०१५ मध्ये. आणि तेहतीस लाखही पुरले नाहीत, पहिला तुकडा विकून दुसऱ्याची सोय करावी लागली. कर्ज मंजूर झाले दोन एकर ठिबकचे आणि पठ्ठ्याने पाइपलाइन नेली दहा एकरांवर, असे पाहिले नाही असा गाव नसेल. ‘स्टार सिटिझन’ नावाचा खेळ तर याचा कळस आहे. २०१२ मध्ये वर्गणी सुरू झाली, २०१४ मध्ये खेळ द्यायचा होता. वर्गणी आणि खेळातल्या काल्पनिक विमानांची विक्री मिळून आकडा ऐंशी कोटी डॉलरच्या पुढे गेला. काही भाग खेळता येतो, लोक खेळतातही. पण २०२५ साल संपले तरी कबूल केलेला पूर्ण खेळ हाती आलेला नाही.

तेव्हा मुलगा एखाद्या खेळाचे पान उघडून दाखवील, तेव्हा त्याला नकार देण्याआधी शेजारी बसून पाहावे. बचत गटातल्या भगिनींना हे काम जास्त चांगले जमेल, कारण कर्ज देण्याआधी माणूस आणि काम दोन्ही पारखण्याची त्यांना सवय असते.

माझ्या मते सर्वांत आधी बेरीज करावी. अमेरिकेत या धंद्यात एका माणसाचा महिन्याचा सारा खर्च, पगार, जागा, यंत्रे धरून, ढोबळ मानाने दहा हजार डॉलर धरतात. पाच माणसे आणि दोन वर्षे म्हटली की बारा लाख डॉलर झाले. आता अशी पाच माणसे पन्नास हजारच मागत असतील, तर उरलेले कुठून येणार हे पानावर लिहिलेले असले पाहिजे. नसेल, तर पंधरा हजारांत विहीर खणून देतो म्हणणाऱ्यासारखेच ते आहे. शिवाय जमलेल्या रकमेतून पाच टक्के किकस्टार्टर घेते, तीन ते पाच टक्के पैसे वळते करण्यात जातात, आणि सदरे-पुस्तके छापून जगभर पाठवायचा खर्च वेगळाच. उलट ‘अंडरटेल’ नावाच्या खेळासाठी २०१३ मध्ये एका तरुणाने केवळ पाच हजार डॉलर मागितले, एक्कावन्न हजार मिळाले, आणि बहुतेक सारे काम एकट्याने करून २०१५ मध्ये खेळ दिला. तो जगभर गाजला. एकटा माणूस, साधी चित्रे; तिथे बेरीज जमत होती.

याच तरुणाने आणखी एक गोष्ट केली होती. मागण्याआधी खेळाचा पहिला भाग लोकांना फुकट खेळायला दिला. डाळिंबाची रोपे आगाऊ पैसे भरून नोंदवताना आपण रोपवाटिकेत जाऊन मातृवृक्ष पाहतो की नाही? नुसत्या रंगीत पत्रकावर कोणी पैसे भरत नाही. इथेही नुसती हलती चित्रे दाखवणारा आणि खेळून पाहा म्हणणारा यांत फरक करावा. आणि या माणसांनी याआधी लहानसा का होईना, एखादा खेळ शेवटपर्यंत नेला आहे का, हे मुलालाच शोधून आणायला सांगावे. तेवढ्यात त्याचा उत्साह टिकला तर पुढे बोलू.

बुडालेच तर दाद कुठे मागायची, असेही विचारतात. किकस्टार्टरचा नियम असा, की काम करणाऱ्याने ते पूर्ण करावे, नाही तर हिशेब देऊन उरलेले परत करावेत. संस्था स्वतः पैसे परत करीत नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या सरकारने २०१४ मध्ये पत्त्यांचा जोड न देणाऱ्या एका कंपनीवर दावा लावला आणि पुढच्या वर्षी न्यायालयाने तिला दंड व भरपाईचा आदेश दिला. पण तो त्या राज्याच्या ग्राहकांसाठी. परभणी किंवा सांगलीत बसून अठराशे रुपयांसाठी अमेरिकेत भांडणे होणार नाही, हे स्पष्टच आहे.

म्हणून रकमेविषयी मी कडक आहे. बियाण्याचे, सोसायटीच्या हप्त्याचे, बहिणीच्या फीचे पैसे यात जाता कामा नयेत. मुलगा सुट्टीत काही कमावत असेल, शिष्यवृत्तीतून काही मागे टाकत असेल, तर त्यातून वर्षाकाठी एखाद्या खेळाला द्यावे आणि दिले ते गेले असे धरून चालावे. घरातून द्यायचेच असतील तर आईबापांना सांगून, वहीत लिहून.

दोन व्यावहारिक गोष्टी राहिल्या. बाहेरदेशी पैसे पाठवायला बँकेचे कार्ड लागते, आणि रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवे कार्ड आधी देशातच चालते. परदेशी व्यवहार मुद्दाम सुरू करून घ्यावा लागतो. काम झाले की तो लगेच बंद करावा. उघडा ठेवला तर चोराला आयता दरवाजा मिळतो. बँक चलन बदलण्याचा आकार वेगळा लावते, तोही धरावा. दुसरे असे, की खेळ तयार झाला की त्याची किल्ली ई-मेलने येते, आणि ती तीन-चार वर्षांनीही येऊ शकते. तोवर मुलाचे शिक्षण संपून कॉलेजने दिलेला ई-मेल बंद पडलेला असतो. नोंद करताना स्वतःचा, घरचा, कायम राहणारा पत्ता द्यावा.

पुढील अंकी हरभऱ्यावरील घाटेअळीविषयी. कामगंध सापळे कधी आणि किती लावावेत याबद्दल बरीच पत्रे आली आहेत, त्यांची उत्तरे तेव्हा देईन.